परभारे तह

२२ जून १९४४ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आगाऊ न कळवता हेलसिंकीत उतरले. फिनलंडचं व्हीपुरी शहर रशियनांनी दोनच दिवसांपूर्वी घेतलं होतं आणि सोव्हिएत चढाईपुढे फिनिश फौज मागे रेटली जात होती. तिला रणगाडाभेदी हत्यारं हवी होती, विमानं हवी होती, देशाला धान्य हवं होतं. रिबेनट्रॉप हे सगळं द्यायला तयार होते. बदल्यात त्यांना फक्त एक कागद हवा होता: जर्मनीच्या संमतीशिवाय फिनलंड रशियाशी तह करणार नाही, असं लिहून द्या.

फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष रिस्टो र्युटी पेशाने वकील, आणि त्याआधी बँक ऑफ फिनलंडचे गव्हर्नर. सही कोणाची आणि कोणाच्या वतीने, हा फरक वकिलाला समजावून सांगावा लागत नाही, बँकवाल्याला तर नाहीच. करार संसदेपुढे नेला असता तर तो देशाचा करार झाला असता. म्हणून करार टळला आणि पत्र लिहिलं गेलं. २६ जूनला हिटलरच्या नावे गेलेल्या त्या पत्रात हमी होती ती प्रथमपुरुषी एकवचनात: जर्मन सरकारच्या सहमतीशिवाय मी सोव्हिएत संघाशी शस्त्रसंधीची वा तहाची बोलणी करणार नाही आणि मी नेमलेल्या सरकारलाही करू देणार नाही. खाली र्युटी यांची सही. रिबेनट्रॉप कागद घेऊन परतले. त्या ‘मी’ने काय साधलं ते पुढे येईल. आधी त्या कलमाची कुळकथा पाहू, कारण मित्रांना बांधून घालणारं हे वाक्य फार जुनं आहे, आणि त्यातून निसटण्याच्या वाटाही तितक्याच जुन्या.

जुन्या मराठीत या व्यवहाराला नेमका शब्द आहे: परभारे. मधल्या माणसाला न विचारता, त्याला वळसा घालून थेट उरकलेलं काम ते परभारे झालेलं. लढाईला चौघे मिळून निघाले आणि एकाने शत्रूशी परभारे सलूख केला, की उरलेल्या तिघांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो फितुरी. ज्याने केला तो म्हणतो, नाइलाज. दोघंही बहुतेक वेळा खरं बोलत असतात.

परभारे तह करणारा सगळ्यात छोटा दोस्त नाटकातला आहे. इसवी सनापूर्वी ४२५ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर ॲरिस्टोफेनीसचं ‘अकार्नियन्स’ आलं आणि स्पर्धेत पहिलं ठरलं. स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन सहावं वर्ष लागलेलं. गावाकडची जमीन सोडून शहराच्या तटाआड येऊन राहिलेला शेतकरी डिकाइओपोलिस सभेला कंटाळतो आणि आठ द्राख्मा देऊन स्वतःपुरता, बायकापोरांपुरता तह मागवतो. तह येतात ते बुधल्यांतून. ग्रीक भाषेत तहाला आणि तहाच्या वेळी देवापुढे ओतायच्या मद्याला शब्द एकच होता. त्या श्लेषावर सगळा प्रवेश उभा आहे. पाच वर्षांच्या तहाला डांबराचा आणि बांधायच्या जहाजांचा वास येतो, म्हणून तो नापसंत. दहा वर्षांचा चाखल्यावर राजदूतांच्या धावपळीची आंबूस चव लागते. तीस वर्षांचा मात्र अमृतासारखा निघतो, तो शेतकरी पिऊन टाकतो. मग घराभोवती हद्द आखून आपला बाजार मांडतो. गावकरी त्याला दगड मारायला धावतात, आणि पुढे लोक त्याच्या बुधल्यातले दोन थेंब मागायला येतात.

नाटकातल्या शेतकऱ्याने तहावर सही केली नव्हती. सहीची करामत बघायची तर दोन हजार वर्षं ओलांडून आल्प्सच्या पायथ्याशी यावं लागतं.

सॅव्हॉयचं संस्थान लहान, पण फ्रान्स आणि इटलीमधले घाट त्याच्या हातात. घाटावर बसलेल्या माणसाला दोन्हीकडचे लोक रामराम करतात आणि दोन्हीकडचे लोक लुटतातही. १६९० मध्ये ड्यूक व्हिक्टर अमेडिअस दुसरा हा चौदाव्या लुईविरुद्धच्या मोठ्या आघाडीत सामील झाला. एका बाजूला ऑस्ट्रियाचा सम्राट, स्पेन, इंग्लंड, हॉलंड. त्यांच्या पंगतीत हा छोटा ड्यूक. फ्रेंच सेनापती कातिनाने त्याला १६९० आणि १६९३ अशा दोन मोठ्या लढायांत झोडपलं. ड्यूकच्या काळजात दोन काटे होते: राजधानी तूरिनच्या उशाला असलेला पिनेरोलोचा किल्ला आणि पूर्वेकडचा कासालेचा किल्ला. दोन्हीकडे फ्रेंच शिबंदी.

१६९५ मध्ये दोस्तांनी कासालेला वेढा घातला. ड्यूकला भीती वेगळीच होती. फ्रेंच गेले तर त्यांच्या जागी सम्राटाचे सैनिक येऊन बसतील, आणि ते पुन्हा उठायचे नाहीत. म्हणून त्याने लुईशी आतून संधान बांधलं. किल्लेदाराने थोडा वेळ लढायचं, मग शरण यायचं, आणि शरणागतीची अट अशी घालायची की तटबंदी जमीनदोस्त करून किल्ला त्याचा मूळ धनी असलेल्या मांटुआच्या ड्यूकला परत द्यावा. जुलैमध्ये तसंच घडलं. आघाडीला वाटलं विजय झाला. खरं तर वेढा घालणारा आणि वेढ्यात अडकलेला यांनी मिळून एक नाटक वठवलं होतं.

पुढच्या वर्षी ड्यूक लोरेटोच्या यात्रेला गेला. मातेचं दर्शन हे निमित्त, बोलणी लुईच्या माणसांशी. २९ ऑगस्ट १६९६ रोजी तूरिनचा तह झाला. पिनेरोलो तटबंदी पाडून परत मिळालं आणि ड्यूकच्या मुलीचं लग्न लुईच्या नातवाशी ठरलं. त्या जोडप्याचा मुलगा पुढे पंधरावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. पण दरबारांना धक्का बसला तो याच्या पुढच्या गोष्टीचा. काल-परवापर्यंत इटलीतल्या दोस्त फौजांचा सरसेनापती असलेला हा माणूस त्याच मोसमात फ्रेंच फौजेचा सेनापती होऊन स्पेनच्या वालेन्झा किल्ल्यापुढे वेढा घालायला उभा राहिला. समोर कोण किती पाण्यात आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो त्यांच्याच तंबूतून उठून आला होता. ७ ऑक्टोबरला आघाडीने इटलीपुरती लढाई थांबवली आणि वर्षभरात सगळं युद्धच मिटलं. एका छोट्या दोस्ताने दोरा ओढला आणि मोठ्यांची शिवण उसवली.

या घराण्याबद्दल युरोपात एक बोचरी म्हण होती: सॅव्हॉयचा राजा ज्या बाजूने युद्ध सुरू करतो त्या बाजूने संपवत नाही, आणि तसं झालंच तर त्याने दोनदा बाजू बदललेली असते. पुढच्याच युद्धात, १७०३ मध्ये, व्हिक्टर अमेडिअसने फ्रान्सला सोडून पुन्हा जुन्या आघाडीचा हात धरला. १७१३ मध्ये त्याला सिसिलीचं राज्य आणि राजा ही पदवी मिळाली. त्याच घराण्याच्या गादीखाली १८६१ मध्ये इटली एक झाली. घराणं लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

छोट्यांच्या नावाने बोटं मोडण्याआधी मोठ्यांचाही हिशेब पाहायला हवा. ७ सप्टेंबर १७०१ रोजी हेगमध्ये इंग्लंड, हॉलंड आणि सम्राट यांनी फ्रान्सविरुद्ध नवी आघाडी केली, तेव्हा कोणी एकट्याने तह करायचा नाही असं कलम मुद्दाम घातलं होतं. ते मोडलं इंग्लंडनेच. मे १७१२ मध्ये मंत्री बोलिंगब्रोक यांनी आपला सेनापती ड्यूक ऑफ ऑर्मंड याला गुप्त हुकूम पाठवला: लढाई टाळ, वेढा टाळ, आणि दोस्तांना याचा पत्ता लागू देऊ नकोस. ताजा कलम असा, की हा हुकूम फ्रेंच दरबाराला कळवला आहे. म्हणजे शत्रूला माहीत आणि मित्राला नाही! दोन महिन्यांनी दनँ येथे फ्रेंचांनी दोस्तांच्या उरलेल्या फौजेला मोडून काढलं. युट्रेक्टचा तह एप्रिल १७१३ मध्ये झाला. यात सगळ्यात वाईट दशा झाली ती कॅटलोनियाची. १७०५ मध्ये इंग्लंडच्या शब्दावर उठलेले कॅटलन लोक एकटे उरले. बार्सिलोना ११ सप्टेंबर १७१४ रोजी पडलं. कॅटलोनिया आजही आपला राष्ट्रीय दिन म्हणून तीच पराभवाची तारीख पाळतो.

आपल्याकडे याच शतकात हा डाव दोन्ही बाजूंनी खेळला गेला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नाना फडणवीसांनी चौकडी जमवली: पुणे, हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरचे भोसले. चौघांनी चार दिशांनी इंग्रजांवर पडायचं. मसलत उत्तम होती. वॉरन हेस्टिंग्जने ती एकेक धागा ओढून उसवली. गुंटूर सरकार परत देऊन निजामाला थंड केलं. मुधोजी भोसल्यांची फौज बंगालच्या तोंडाशी कटकपर्यंत येऊन थबकली होती, तिला रोकड देऊन थोपवलं. त्याआधी जानेवारी १७८० मध्येच डभोईजवळ फत्तेसिंगराव गायकवाडांनी जनरल गॉडर्डशी आपला वेगळा तह करून घेतला होता. फेब्रुवारीत गॉडर्डने अहमदाबाद जिंकून गायकवाडांच्या हवाली केलं.

मग १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजी शिंद्यांनी कर्नल म्यूरशी स्वतःपुरता करार केला. आपण उज्जैनला मागे जाऊ आणि पुणे व इंग्रज यांच्यात मध्यस्थी करू, असा त्याचा मथितार्थ. सरदाराने परभारे सलूख केला आणि त्याच सलुखाच्या जोरावर धन्याच्या तहाचा मध्यस्थ झाला, यातली हुशारी आजही नजरेत भरते. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे महादजी आणि डेव्हिड अँडरसन यांनी तहनामा ठरवला. त्यात हैदरबद्दल कलम होतं: त्याने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, याची हमी पेशव्यांची. ज्याला लढाईत ओढलं त्याच्याच मुलखाची हमी शत्रूला! हैदर बैठकीत नव्हताच. फत्तेसिंगराव गायकवाडांनाही या तहाने पुन्हा पूर्वीसारखं पेशव्यांच्या चाकरीत नेऊन बसवलं. परभारे तहाने मिळवलेलं दोन वर्षांत गेलं, कारण त्यांच्या नव्या मित्राने मोठ्या तहात त्यांचा सौदा मोडीत काढला.

नानांनी मात्र सही लांबवली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दसरा-दिवाळी गेली, कलकत्त्याहून तगादे येत राहिले. सही न करणं हेही त्यांच्यासाठी एक हत्यार होतं. हैदर लढतोय तोवर इंग्रज दबून राहणार, आणि पुण्याने सही केली नाही तोवर हैदरला अजून आशा राहणार. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला. २० डिसेंबरला नानांची सही झाली.

आठ वर्षांनी नाना कलमाच्या दुसऱ्या बाजूला होते. १ जून १७९० रोजी हैदरचा मुलगा टिपू याच्याविरुद्ध इंग्रजांबरोबर पुण्यात झालेल्या तहात, आणि पाठोपाठ निजामाशी झालेल्या तहात, सालबाईची जणू उतरंड पालथी केलेली दिसते: सलूख करायचा तर तिघांच्या संमतीने, टिपूशी कोणी वेगळी बोलणी करायची नाहीत, त्याच्याकडून काही निरोप आला तर तो इतर दोघांना कळवायचा. निरोपसुद्धा कळवायचा, हे बारीक काम ज्यांनी पूर्वी असे निरोप घेतले होते त्यांनाच सुचणार. हे कलम टिकलं. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला तिघांनी मिळून तह केला आणि टिपूचा निम्मा मुलूख वाटून घेतला. वाटणीची आशा होती तोवर तिघंही वेगळी वाट धरायला तयार नव्हते.

१८०३ मध्ये तशी आशा उरली नव्हती. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले इंग्रजांशी एकत्र लढत होते, आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दोघांशी एकत्र बोलायचं नाही असं ठरवलं होतं. २३ नोव्हेंबरला त्याने तहकुबी दिली ती फक्त शिंद्यांना. सहा दिवसांनी आडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा तह करून कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. तेरा दिवसांनी सुर्जी-अंजनगावला शिंद्यांची पाळी आली. ही सगळी ठिकाणं आजच्या अकोला-अमरावती पट्ट्यात जवळजवळ आहेत. आघाडी कशी फुटते ते पाहायला वऱ्हाडात दिवसभराची फेरी पुरते.

विसाव्या शतकात हे कलम अगदी सुटसुटीत झालं. ५ सप्टेंबर १९१४ रोजी, मार्नची लढाई पेटण्याच्या सुमारास, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी लंडनमध्ये काही ओळींचं जाहीरनामापत्र केलं: या युद्धात कोणी वेगळा तह करणार नाही, आणि तहाच्या अटी मागायच्या तर आधी एकमेकांशी ठरवून. पुढे जपान आणि इटलीही त्यात आले. हे वाक्य लहान दोस्तांना आत घेताना दारावर लावायचं कुलूप बनलं. ऑगस्ट १९१६ मध्ये रुमानिया आत आला तेव्हा त्याच्याही करारात ते होतं. रुमानियाचे पंतप्रधान ब्रातियानू दोन वर्षं घासाघीस करत होते. ट्रान्सिल्व्हेनिया, बुकोविना आणि बनात लिहून मिळाल्यावरच ते हलले. फ्रान्स आणि रशियाने मात्र त्याच महिन्यात आपापसात ठरवून टाकलं होतं, की युद्ध संपल्यावर हे सगळं द्यायलाच हवं असं काही नाही. ज्या कुलपाची किल्ली एकाच बाजूच्या खिशात असते, त्याला विश्वास म्हणायचं की काय, हा प्रश्न ब्रातियानूंना ते कळलं असतं तर पडलाच असता.

चार महिन्यांत बुखारेस्ट गेलं. राजा, सरकार आणि उरलेली फौज ईशान्येला याश शहरात कोंडली गेली. १९१७ च्या उन्हाळ्यात मराशेश्टला रुमानियन फौजेने जर्मनांना रोखून धरलं, पण शेजारच्या खंदकातली रशियन फौज क्रांतीने विरघळत चालली होती. रशियाच्या नव्या राजवटीने डिसेंबरात शस्त्रसंधी केला आणि ३ मार्च १९१८ रोजी ब्रेस्ट-लिटोव्स्कला तह. आता रुमानियाच्या पुढे जर्मन, मागे जर्मन. ७ मे १९१८ रोजी मार्गिलोमान यांच्या सरकारने बुखारेस्टमध्ये तह केला. काळ्या समुद्राकडचा दोब्रुजा गेला, कार्पेथियनचे घाट गेले, तेलविहिरी नव्वद वर्षांच्या मक्त्याने जर्मनांकडे गेल्या.

संसदेने तह मंजूर केला. राजा फर्डिनांडच्या सहीची जागा मात्र कोरी राहिली. आज नको, उद्या बघू, असं करत उन्हाळा गेला, पाऊस गेला. फर्डिनांड जन्माने जर्मन, होहेनझोलर्न घराण्याचा. राणी मेरी व्हिक्टोरिया राणीची नात आणि या तहाची कट्टर विरोधक. १० नोव्हेंबर १९१८ रोजी रुमानियाने पुन्हा युद्धात उडी घेतली. दुसऱ्या दिवशी युद्ध संपलं. जर्मनीने सही केलेल्या शस्त्रसंधीच्या पंधराव्या कलमात बुखारेस्टचा तह रद्द झाल्याचं लिहिलं होतं.

पॅरिसच्या शांतता परिषदेत ब्रातियानू १९१६ चा करार हातात घेऊन उभे राहिले. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांचं म्हणणं असं, की तुम्ही वेगळा तह केलात तेव्हाच तो करार मेला. ब्रातियानूंचं उत्तर: राजाची सही नाही, म्हणजे तह झालाच नाही. ब्रातियानू चिडून सप्टेंबर १९१९ मध्ये पायउतार झाले. ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाला मिळालं, बनात मात्र वाटून घ्यावं लागलं. कोऱ्या जागेने किती दिलं आणि ट्रान्सिल्व्हेनियात आधीच पोचलेल्या रुमानियन फौजेने किती, हे वेगळं करून दाखवणं कठीण आहे. माझ्या मते फौजेने जास्त. पण कोऱ्या जागेमुळे बोलायला तोंड राहिलं, हेही खरं.

याच फर्डिनांडचा नातू मायकेल २३ ऑगस्ट १९४४ रोजी, बावीस वर्षांच्या वयात, हुकूमशहा अंतोनेस्कूला राजवाड्यात बोलावून रशियाशी शस्त्रसंधी करायला सांगतो. अंतोनेस्कू नकार देतो. त्याला अटक करून एका तिजोरीवजा खोलीत कोंडतात. मायकेलचे वडील तिथे आपला टपाल तिकिटांचा संग्रह ठेवत. रात्रीपर्यंत रुमानियाने बाजू बदलली होती.

मध्ये इटलीचा नंबर लागून गेला होता. ‘पोलादी करारा’च्या पाचव्या कलमात, मे १९३९ मध्ये, इटली आणि जर्मनीने तेच जुनं वाक्य लिहिलं होतं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीचे जनरल कास्तेल्लानो शस्त्रसंधीसाठी सिसिलीतल्या कासिबिले गावच्या छावणीत पोचले तेव्हा त्यांच्याकडे सही करण्याचा अधिकारच नव्हता. दोस्तांनी त्यांना तंबूत ताटकळत ठेवलं. रोमहून तार आली तेव्हा, ३ सप्टेंबरच्या संध्याकाळी, सही झाली. ८ सप्टेंबरला जर्मन राजदूत रान राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याला भेटले, तेव्हा राजाने इटली लढत राहील असं सांगितलं. त्याच संध्याकाळी आयझेनहॉवर आणि मग इटलीचे पंतप्रधान बादोल्यो यांनी रेडिओवर शस्त्रसंधी जाहीर केला. राजा सॅव्हॉय घराण्याचा. व्हिक्टर अमेडिअस लोरेटोच्या यात्रेला गेला होता, हे सहा लाखांहून जास्त इटालियन सैनिकांना जर्मन छावण्यांत डांबलं गेलं तेव्हा आठवायला कोणाला सवड होती! १९४६ मध्ये लोकांनी मतदान करून राजेशाहीच काढून टाकली.

आपल्या देशाचंही नाव या कुळात आहे. १ आणि २ जानेवारी १९४२ रोजी वॉशिंग्टनमध्ये २६ राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात शत्रूशी वेगळा शस्त्रसंधी वा तह न करण्याची शपथ होती. भारताच्या वतीने सही गिरिजाशंकर बाजपेयी यांनी केली. परभारे तह करणार नाही असं ज्या देशाने लिहून दिलं, त्याला तेव्हा स्वतःचा तह करण्याची मुभाच नव्हती. सात महिन्यांनी मुंबईत गवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली.

आता हेलसिंकी. फिनलंडने जर्मनीशी युती केली आहे असं फिनिश पुढारी कधीच म्हणत नसत. त्यांचा शब्द होता सहयोद्धा: एकाच शत्रूशी, पण आपापलं युद्ध लढणारे. १९४४ च्या वसंतात मुत्सद्दी पासिकिवी तहाच्या बोलण्यांसाठी मॉस्कोला जाऊन आले होते. साठ कोटी डॉलर भरपाईची मागणी ऐकून बोलणी फिसकटली होती. जूनमध्ये आघाडी कोसळली आणि र्युटींचं पत्र गेलं. जर्मन विमानं आली, रणगाडाभेदी पान्झरफाउस्ट आले, एक पायदळ डिव्हिजन आली. ताली-इहंतालाच्या जंगलात फिनिश सेनेने जुलैच्या सुरुवातीला रशियन लोंढा थोपवला. अमेरिकेने मात्र पत्राची बातमी कळताच, ३० जूनला, फिनलंडशी संबंध तोडले.

१ ऑगस्टला र्युटी यांनी राजीनामा दिला. ४ ऑगस्टला संसदेने खास कायदा करून सरसेनापती मान्नरहाइम यांना राष्ट्राध्यक्ष केलं. १७ ऑगस्टला हिटलरचा सेनाध्यक्ष कायटेल मान्नरहाइम यांना पदक द्यायला आला, तेव्हा त्याला शांतपणे सांगण्यात आलं: ते वचन र्युटी यांचं होतं, त्या पदाबरोबर ते आपल्याकडे आलेलं नाही. २५ ऑगस्टला मॉस्कोकडे विचारणा गेली. २ सप्टेंबरला जर्मनीशी संबंध तोडले गेले, आणि त्याच दिवशी मान्नरहाइम यांनी हिटलरला पत्र लिहिलं. जर्मनी हरली तरी जर्मन लोक उरतील, चाळीस लाखांच्या राष्ट्राबद्दल असं म्हणता येत नाही, असा त्याचा आशय. ४ सप्टेंबरला फिनिश तोफा थांबल्या. सोव्हिएत तोफा एक दिवस आणखी चालल्या.

मॉस्कोच्या अटी कडक होत्या. पेत्सामो द्यायचं, हेलसिंकीजवळचं पोर्ककला पन्नास वर्षांच्या भाड्याने द्यायचं, तीस कोटी डॉलर भरपाई १९३८ च्या किमतींनी मालाच्या रूपात भरायची, आणि देशात असलेल्या दोनेक लाख जर्मन सैनिकांना आपणच बाहेर काढायचं. सुरुवातीला दोन्ही सैन्यांनी समजुतीने माघारीचा खेळ केला: जर्मन पूल उडवत मागे, फिनिश तुकड्या अंतर राखून पुढे. सैनिक त्याला ‘शरद ऋतूतली कवायत’ म्हणत. मॉस्कोला ते चालेना, म्हणून १ ऑक्टोबरला तोर्नियोत फिनिश फौज उतरली आणि कालचे सोबती खरोखर लढू लागले. मागे हटताना जर्मनांनी लॅपलंड जाळलं. रोव्हानिएमी शहराची राख झाली. शेवटचा जर्मन सैनिक एप्रिल १९४५ मध्ये बाहेर पडला.

भरपाई जहाजं, यंत्रं, केबल, कागद अशा रूपात वर्षानुवर्षं सीमेपलीकडे जात राहिली. १९५२ च्या जुलैमध्ये हेलसिंकीत ऑलिंपिक भरलं, तेव्हाही हप्ते संपले नव्हते. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिंपिक, आणि आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवलं ते याच शहरातल्या आखाड्यात. शेवटचा माल त्या सप्टेंबरात रवाना झाला.

सोव्हिएत आग्रहाखातर १९४५ च्या सप्टेंबरात फिनलंडने युद्धाला जबाबदार असलेल्यांवर मागील तारखेपासून लागू होणारा कायदा केला. आठ जणांवर खटला चालला. ज्या सहीने देशाला दोन महिन्यांची उसंत मिळवून दिली होती ती आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. २१ फेब्रुवारी १९४६ रोजी रिस्टो र्युटी यांना दहा वर्षं सक्तमजुरी झाली, आठांत सगळ्यात जास्त. मान्नरहाइम यांच्यावर खटला झाला नाही. १९४९ मध्ये र्युटी यांना माफी मिळाली, ती दिली राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी, ज्यांना मार्च १९४४ मध्ये मॉस्कोतून रिकाम्या हाताने परतावं लागलं होतं. प्रकृती तोवर खालावली होती. १९५६ च्या जानेवारीत पोर्ककला मुदतीच्या कितीतरी आधी परत मिळालं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला र्युटी वारले. त्यांचे अंत्यसंस्कार माजी राष्ट्राध्यक्षाच्या इतमामाने झाले.